गृहोपयोगी विज्ञान : उभ्या मोटारीची भूक

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. रात्रीचे सव्वादोन वाजले होते आणि बाहेर पावसाची संततधार लागली होती. आमच्या आत्यांना श्वास घेणें जड जाऊं लागलें. त्यांचें वय ८८. घरांत माणसें नऊ, आणि फाटकाशीं मोटार उभी. खरें म्हणजे ही मोटार आम्हीं अशाच प्रसंगासाठीं ठेवलेली आहे. एरव्हीं मुलें दुचाकीवरून किंवा बसनें जातात, आणि आम्हां वृद्धांना पायांखालीं जेवढें गांव येतें तेवढें पुरतें. पुतण्यानें किल्ली फिरविली. समोरच्या फळीवरचे दिवे एकवार उजळले, मंदावले, आणि इंजिनाकडून नुसता 'कट् कट् कट्' असा आवाज आला. पुन्हां किल्ली फिरविली, तोंच आवाज. शेजारच्या गृहस्थांनीं अंगावर शाल ओढून आपली गाडी बाहेर काढली, म्हणून वेळ निभावली.

आत्या चार दिवसांनीं सुखरूप घरीं आल्या. आल्यावर चहाचा पेला हातीं घेतांना त्यांनीं विचारलें, "अरे, दर रविवारीं फाटकापाशीं ती गाडी गुरगुरत असते. मग नेमकें त्या रात्रींच तिला काय झालें होतें?"

कोणाला उत्तर देतां आलें नाहीं. मी जन्मभर शास्त्र शिकविलें. मलाहि आलें नाहीं. त्या प्रश्नाचा पुढें जो छडा लागला तोच या महिन्याचा विषय करीत आहें, कारण अशी क्वचित् फिरणारी मोटार आज अनेक घरांच्या दारांत आहे. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि मोटारी आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहींत, तेव्हां पुष्कळांना हा अनुभव प्रथम आला. तो टाळेबंदीबरोबर संपला असें मात्र नाहीं.

बॅटरी म्हणजे विजेची टाकी, अशी आपली समजूत असते. टाकी भरून ठेवावी, न वापरली तर ती भरलेलीच राहील! वस्तुतः तींत वीज साठविलेली नसते. तींत एक रासायनिक क्रिया थांबवून धरलेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यानें १८५९ सालीं सिद्ध केलेली शिशाची बॅटरी आणि आपल्या बोनेटखालची बॅटरी यांचें मूलतत्त्व एकच आहे. विरल गंधकाम्लांत एक पत्रा शिशाचा, दुसरा शिशाच्या ऑक्साइडचा. वीज बाहेर घेऊं लागलें कीं दोन्ही पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो व अम्ल पातळ होत जातें. उलट वीज आंत घातली कीं तो थर विरघळून पत्रे पूर्ववत् होतात. हा थर ताजा असतो तोंपर्यंत मऊ आणि बारीक कणांचा असतो. तोच आठवडेच्या आठवडे तसाच राहूं दिला तर, ज्याप्रमाणें साखरेचा पाक बरणींत विसरला म्हणजे तळाशीं खडे धरतो, त्याप्रमाणें त्याचे टणक स्फटिक बनतात. मग कितीहि वीज घाला, ते पुरे विरघळत नाहींत. तेवढा पत्रा कायमचा निकामी झाला असें समजावें. सारांश, बॅटरी कामानें जितकी झिजते त्याहून अधिक ती अर्धपोटीं उभी राहिल्यानें मरते.

पण उभ्या गाडींत वीज खातें कोण? पूर्वींच्या गाड्यांत फारसें कोणी खात नसे. माझ्या लहानपणींच्या अँबॅसडरला पुढून हँडल घालून ती चालूं करतां येई; बॅटरी बसली तरी दोन धट्टीं माणसें पुरत. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, तेव्हांपासून हँडलाचें महत्त्व हळूहळू कमी होत गेलें, आणि आजच्या गाड्यांना तें घालावयास भोंकहि नाहीं. आजची गाडी किल्ली काढली तरी पुरती झोंपत नाहीं. घड्याळ, दारांचें कुलूप, चोरघंटा, इंजिनाचा संगणक, हे सर्व एक डोळा उघडा ठेवून असतात. निरोगी गाडीची ही झोंपेंतील भूक साधारण २० ते ५० मिलिअँपियर असते. आंकडा क्षुल्लक दिसतो. पण २५ मिलिअँपियर म्हणजे दिवसाला ०.६ अँपियर-तास आणि महिन्याला १८. लहान गाडींत बॅटरी असते ३५ ते ४५ अँपियर-तासांची. म्हणजे कांहींएक न बिघडतां, एका महिन्यांत निम्म्याच्या आसपास बॅटरी रिती होते! शिवाय बॅटरी आपली आपणहि थोडी उतरते, व उष्णतेनें हें उतरणें वाढतें. विदर्भांतील उन्हाळ्यांत पत्र्याच्या शेडखालीं ठेवलेल्या गाडीची बॅटरी थंड हवेंतील बॅटरीपेक्षां आधीं थकते, यांत नवल नाहीं.

आतां रविवारच्या गुरगुरण्याकडे येऊं. आमच्याकडे पुतण्या दर रविवारीं न चुकतां दहा मिनिटें इंजिन चालूं ठेवीत असे, आणि गार हवा येते कीं नाहीं हेंहि पाहून घेत असे. आम्हांला त्याचें कौतुक वाटे. हिशेब मांडल्यावर तें ओसरलें. स्टार्टर फिरतांना सुमारें २०० अँपियर घेतो. पण तीनच सेकंद. म्हणजे खर्च अवघा ०.१७ अँपियर-तास. तेव्हां 'गाडी चालूं करण्यानेंच बॅटरी संपते' हा समज बराचसा चुकीचा आहे. खरें देणें आठवड्याच्या उभें राहण्याचें असतें. इंजिन मंद फिरत असतां अल्टरनेटर फार वीज देत नाहीं, त्यांतली कांहीं पंखा व गार हवेचें यंत्र घेतें, आणि बॅटरी जों जों भरत येते तों तों ती सावकाश वीज घेते. उदारपणें दहा अँपियर आंत गेले असें धरलें तरी दहा मिनिटांत भर पडते १.७ अँपियर-तासांची. निरोगी गाडीचा आठवड्याचा खर्च ४.२. जमाखर्चाची ही वही कोणत्याहि गृहिणीनें पाहिली असती तर दुसऱ्याच रविवारीं तिनें हा उद्योग बंद पाडला असता.

तरीहि आमच्या गाडीचें इतकें दिवाळें निघावयास नको होतें, कारण महिन्यांतून एकदोनदां कोणीतरी ती लग्नकार्यास लांब नेत असे. श्रावणापासून तीन आठवडे तेवढी गेली नव्हती, इतकेंच. तेव्हां दुसरा कोणीतरी वांटेकरी असला पाहिजे असें ठरवून आम्हीं एक चांगला इलेक्ट्रिशियन बोलाविला. त्यानें जें केलें तें कोणाहि सुशिक्षित माणसानें समजून घ्यावें असें आहे. त्यानें किल्ली काढली, दारें लावलीं, बोनेट उघडें ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरनें बंद केली, म्हणजे गाडीला बोनेट मिटलें असें वाटावें. मग बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ती तार आणि ऋण टोंक यांच्यामध्यें दहा अँपियरच्या खांचेवर लावलेला मल्टीमीटर जोडला. आणि स्वस्थ बसला! पुतण्या उतावीळ झाला, "अहो काका, आंकडा तर भलताच मोठा दाखवितो आहे!" तार जोडतांच गाडीचे संगणक जागे होतात, ते पुन्हां झोंपावयास अर्धा तासहि लागतो, आणि तोंवरचा आंकडा निरुपयोगी असतो. मीटर असा जोडलेला असतां किल्ली चुकूनहि फिरवूं नये, नाहींतर मीटरचा फ्यूज जळून जातो.

अर्ध्या तासानें आंकडा स्थिर झाला : ११० मिलिअँपियर. निरोगी मर्यादेच्या दुपटीहून अधिक. मग त्यानें एकेक फ्यूज उपटून मीटरकडे पाहावयास आरंभ केला. सहाव्या फ्यूजला आंकडा एकदम २५ वर आला. त्या फ्यूजच्या तारेवर, गाडी चोरीस गेल्यास ती कोठें आहे हें मोबाईलवर कळविणारें एक लहानसें यंत्र चैत्रांत बसविलेलें होतें. गाडी उभी असतां त्यानें झोंपावयाचें. पण आमच्या फाटकापाशीं मोबाईलची लहर क्षीण असल्यानें तें रात्रंदिवस तिचा शोध घेत जागें राहात होतें. कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणतात तें हें. ११० मिलिअँपियरनें आठवड्याला साडेअठरा अँपियर-तास जातात. ४५ च्या बॅटरीला तीन आठवडेहि फार झाले.

प्रत्येक घरीं हेंच यंत्र निघेल असें नाहीं. मागाहून बसविलेला रेडिओ किंवा कॅमेरा, डिकीचें झांकण लागलें तरी न विझणारा तेथील दिवा, चिकटून बसलेला रिले, अल्टरनेटरमधील गळका डायोड, यांपैकीं कोणीहि असूं शकेल. जवळ किल्ली आली कीं जागी होणारी गाडी असेल तर किल्ली तिच्याजवळच्या भिंतीवर टांगूं नये. कांचेवरच्या फास्टॅगला मात्र उगीच दोष देऊं नये. तो गाडीची वीज घेत नाहीं, नाक्यावरील यंत्राच्या लहरींनींच तो जागा होतो.

चोर सांपडला, पण बॅटरी वांचली नाहीं. रात्रभर चार्जर लावल्यावर तिनें १२.५ व्होल्ट दाखविले आणि आम्ही हर्षभरित झालों. स्टार्टर फिरवितांच आंकडा ८ वर आला. चार महिने पुनःपुन्हां उपाशी ठेवल्याचे ते खडे होते. येथें एवढें लक्षांत ठेवावें : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं १२.६ किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. परंतु हा आंकडा पोट किती भरलें एवढेंच सांगतो, अंगांत बळ किती हें सांगत नाहीं. तें स्टार्टर फिरतांना पाहावें. त्या वेळीं साडेनवाच्या खालीं गेली तर तिच्यावर रात्रीच्या प्रसंगाचा भरंवसा ठेवूं नये. इंजिन चालूं असतां टोंकांवर बहुतेक गाड्यांत पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. नसतील तर दोष अल्टरनेटरकडचा. टोंकांवर पांढरा-हिरवा बुरा जमला असेल तर तार काढून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावा. हें करतांना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तें अम्ल आहे.

मग उभ्या गाडीचें करावयाचें काय? आठवड्यांतून एकदां तिला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावें. देवदर्शन असो, भाजी असो, कारण शोधावें. पण गाडी खरोखर चालावी. हें जमत नसेल तर घरच्या विजेवर चालणारा, बॅटरी भरतांच आपोआप मंद होणारा चार्जर घ्यावा. मात्र तो आपल्या बॅटरीच्या जातीला चालतो हें पाहून घ्यावें. घर महिनाभर बंद राहणार असेल तर ऋण तार सोडून ठेवणें हा फुकटचा उपाय आहे. सोडतांना ऋण आधीं, जोडतांना ऋण शेवटीं. हा क्रम उलटला आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगीचा प्रसंग येतो. तार सोडल्यानें घड्याळ व कांचांची आठवण पुसली जाते, आणि चोरघंटाहि मुकी होते. कांहीं नव्या गाड्यांत ऋण टोंकाशीं नाजूक मापक असतो, तेव्हां गाडीचें पुस्तक आधीं चाळावें. उंदरांचा उपद्रव हा निराळाच विषय आहे.

आणि तरीहि रात्रीं गाडी बसलीच, तर? जुन्या संवयीनें धक्का मारण्याचा मोह होतो. हातानें गियर बदलावयाच्या गाडींत बॅटरींत थोडी धुगधुगी असेल तर तो साधतो. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडींत साधत नाहीं, आणि अगदीं मेलेल्या बॅटरीवर पेट्रोलचा पंपच फिरत नाहीं. म्हणून डिकींत दोन जाड जंपर तारा असाव्या. तांबडी तार प्रथम मेलेल्या बॅटरीच्या धन टोंकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोंकास. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोंकास, आणि तिचें दुसरें टोंक मेलेल्या बॅटरीस न लावतां त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर. बॅटरींतून हायड्रोजन निघतो व शेवटची जोडणी ठिणगी पाडते, म्हणून ही काळजी. आमच्याकडे त्या रात्रीं तारा नव्हत्या. विजेवर चालणारी मोटार घेतलेल्यांनींहि हा परिच्छेद गाळूं नये. तिच्यांतहि दिवे व संगणक यांसाठीं एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती बसली तर तळाची मोठी बॅटरी भरलेली असूनहि गाडी बहुधा जागची हलत नाहीं. तिच्यासाठीं काय करावें हें मात्र तिच्या पुस्तकांतच पाहावें.

एक अडचण मात्र शास्त्राची नव्हती. गाडी सर्वांची होती म्हणून तिची चौकशी करणें कोणाचेंच काम नव्हतें. पुतण्यानें निदान गुरगुर तरी केली. आतां आमच्या घरीं नववींतील नात दर शनिवारीं सकाळीं बोनेट उघडून व्होल्टचा आंकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहिते, आणि आत्या तो तिच्याकडून मोठ्यानें वाचवून घेतात. गेल्या शनिवारीं १२.४ निघाला, कारण मधले दहा दिवस घरीं पाहुणे होते व गाडी निघालीच नव्हती. रात्रीं चार्जर लावला.