अकरा महिन्यांची पळवाट बंद करा

नाशिकच्या गंगापूर रोडला भाड्याने घर शोधणारे वाढत आहेत, याचे नवल नाही. गोदावरी जवळ, आनंदवल्ली-सोमेश्वरकडची मोकळी हवा, मुलांची कॉलेजे हाकेच्या अंतरावर आणि सातपूर-अंबडचे कारखानेही फार लांब नाहीत. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, देवळाली कॅम्प यांचे आकर्षण थोड्याफार फरकाने असेच आहे. बदलीवर आलेला बँक अधिकारी, कारखान्यात नुकताच लागलेला इंजिनिअर, मुंबईच्या गर्दीला कंटाळून आलेले निवृत्त जोडपे असे सगळेच इथे घर पाहतात. घर पसंत पडते, भाडे ठरते, डिपॉझिटवर घासाघीस होते आणि शेवटी पुढे येतो तो स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा करार. व्यवहार पक्का झाला, असे दोघेही समजतात. प्रत्यक्षात हा कागद कोणालाच पुरेसे संरक्षण देत नाही, आणि त्यात सर्वाधिक नुकसान घरमालकाचे आहे.

अकरा महिन्यांचा आकडा आला तो 1908 च्या नोंदणी कायद्यातून. वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, म्हणून लोकांनी एक महिना कमी करून वाट काढली. महाराष्ट्रात ही वाट केव्हाच बंद झाली आहे. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 सांगते की, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत अकरा महिन्यांची असो की पाच वर्षांची, सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर पडते.

मग मालक नोंदणीला का बिचकतात? ही भीती अडाणीपणाची नाही, तिला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने अनेक घरांची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. पुढे 1973 च्या दुरुस्तीने, त्या वर्षी 1 फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना थेट संरक्षित भाडेकरू केले. विश्वासाने घर दिलेल्या मालकांच्या हातून ते कायमचे गेले. जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे पाहिले की त्याचे परिणाम दिसतात. नाममात्र भाड्यात डागडुजी परवडत नाही म्हणून मालक हात लावत नाही, हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलत नाही, आणि दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा देण्याची वेळ महापालिकेवर येते. ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ हे शहाणपण अशा अनुभवांतून घरोघरी पोचले.

पण आजचा कायदा तो नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की कलम 24 नुसार घर रिकामे करावेच लागते. न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागू शकतो. म्हणजे जे संरक्षण मालकाला हवे आहे, ते कायद्यात तयार आहे. नोंदणी टाळून तो स्वतःच आपली बाजू लंगडी करून घेतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हिशेबच करू. महिना 15 हजार भाडे, 50 हजार डिपॉझिट. मुद्रांक शुल्क लागते ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर धरलेल्या वार्षिक दहा टक्के व्याजावर, पाव टक्का. अकरा महिन्यांसाठी ते पाचशे रुपयांच्या आत बसते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. तोच करार एकदम 36 महिन्यांचा केला तर मुद्रांक शुल्क सुमारे 1,400 आणि फी तीच एक हजार, मिळून 2,400. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार नोंदवायचे तर साडेचार हजारांच्या आसपास खर्च येतो, आणि अनेकदा दर नूतनीकरणाला एजंटाचा हात ओला करावा लागतो तो वेगळाच. दरवर्षीची भाडेवाढ आणि बदली झाल्यास महिनाभराच्या नोटिशीने घर सोडण्याची मुभा त्याच करारात लिहिता येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालण्याचीही गरज नाही. आधार आणि बोटांच्या ठशांवर ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

तिसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही. तो आहे कराचा. भाडे कागदावर आले की प्राप्तिकर भरावा लागणार. खरे आहे, पण घरभाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के वजावट सरसकट मिळते. शिवाय वर्षाला एक लाखाच्या वर भाडे भरणाऱ्या नोकरदाराला घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची तर मालकाचा पॅन द्यावाच लागतो. लपवाछपवीने फार काही हाती लागत नाही.

केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीने नोंदवले होते की, देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा 1961 मध्ये 54 टक्के होता, तो 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आला. आणि 2011 च्याच जनगणनेत शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. घरे आहेत, घर शोधणारे आहेत, मध्ये अविश्वास उभा आहे. सोसायट्या बॅचलरना, परजातीच्यांना, मांसाहारी कुटुंबांना दारातून परत पाठवतात, तेव्हा त्याला सुरक्षिततेचे नाव देतात. सुरक्षितता हवी असेल तर सोसायटीने नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच मागावी. कोण काय खातो, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

नाशिकसाठी हा प्रश्न आता तातडीचा आहे. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने आहेत. त्या काळात दिवसाच्या दराने घर देण्याचा मोह मालकांना होणार, आणि नोटरीच्या कागदावर राहणाऱ्यांना ऐन शाळेच्या दिवसांत सामान हलवण्याचा तगादा लागणार. घरभाड्यावर नवा कायदा कधी येईल याची वाट पाहण्याची गरज नाही. आहे त्या कायद्याने तीन वर्षांचा करार आज नोंदवता येतो. भाडेकरूने घर पसंत करतानाच तो मागावा, आणि मालकाने आपल्याच हितासाठी स्वतःहून पुढे करावा.