कुलूप कायद्याचे, किल्ली सरकारची

द्वेष पसरवणाऱ्या भाषणांना कायद्याने आवर घालावा की नाही, या वादात ‘कायदाच नको’ म्हणणाऱ्यांच्या हाती सर्वांत वजनदार दाखला आहे तो रत्नागिरीचा. टिळक आळीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रीती नसणे हीच अप्रीती. हा अर्थ पक्का करण्यासाठी सरकारने १८९८ साली दंडसंहितेचे १२४अ कलम रुंद केले आणि त्याच दुरुस्तीत १५३अ हे नवे कलम आणले: प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैर वाढवण्याचे. दहा वर्षांनी ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर ही दोन्ही कलमे लागली. २२ जुलै १९०८ च्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरवले. राजद्रोहाबद्दल सहा वर्षे हद्दपारी आणि १५३अ खाली हजार रुपये दंड. (मंडालेच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले होते, आणि रत्नागिरीच्या माणसाला मंडालेला धाडले. साम्राज्याच्या कारभारात असले हिशेब बरोबर जुळत.) तेव्हा हा पक्ष विचारतो, ज्या कायद्याने लोकमान्यांना द्वेष पसरवणारा ठरवले, तो कायदा ठेवायचाच कशाला?

दाखला खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. टिळकांच्या खटल्याने शब्द निरुपद्रवी असतात हे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की ज्याच्यावर टीका झाली त्याच्याच हाती कायदा दिला तर तो स्वतःच्या बचावासाठी वापरला जातो. १९०८ साली ज्या ‘वर्गा’विरुद्ध वैर पसरले असे म्हटले, तो वर्ग राज्यकर्त्या इंग्रजांचा होता. फौज, पोलीस, न्यायासन सगळे त्यांचे, आणि तरी एका संपादकापासून संरक्षण त्यांनाच हवे होते! ही खोड इंग्रजांबरोबर गेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना याच रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरजवळ अटक झाली. मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली वाजवण्याची भाषा त्यांनी महाडला केली होती. ती भाषा असभ्य होती यात वाद नाही. पण नाशिकच्या फिर्यादीत समाजातील गटांत वैर वाढवण्याचे ५०५(२) हे कलम लागले, ते कोणत्या गटाच्या रक्षणासाठी? मुख्यमंत्री हा काही जातीचा किंवा धर्माचा गट नव्हे.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. त्याच्या लेखी ज्या शब्दाने कुणाच्या भावना दुखावल्या तो द्वेषाचा, आणि म्हणून कायदा आणखी कडक हवा. हा पक्ष लोकप्रिय आहे आणि महाराष्ट्राचे सर्वाधिक नुकसान त्यानेच केले आहे. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथ आणि पोथ्या फाडल्या गेल्या. संस्थेचा गुन्हा इतकाच की लेखकाने प्रस्तावनेत तिथल्या लोकांचे आभार मानले होते. राज्य सरकारने १५३अ खाली गुन्हा नोंदवला तो लेखक-प्रकाशकावर, आणि पुस्तकावर बंदीही घातली. गुन्हा २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बंदी उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर शंका काढणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला, आणि तो मजकूर नुसता ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही, पोलिसांनी अटक केली. भावना हे माप धरले की असेच होणार, कारण दुखावले गेल्याचा दावा तपासता येत नाही आणि जो जास्त तोडफोड करील त्याच्या भावना जास्त दुखावलेल्या ठरतात. नागपूर उच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वीच बजावले होते की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने जोखावा, पावलोपावली धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे. लेन प्रकरणात आणि पुन्हा २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच माप उचलून धरले. पोलीस ठाण्यात मात्र ते अजून पोहोचलेले दिसत नाही.

मग माप कोणते घ्यायचे? कोकणाला ते शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. गावकीने एखादे घर वाळीत टाकले की काय होते हे रत्नागिरी-रायगडात सांगावे लागत नाही: शिमग्याची पालखी त्या दारावरून पुढे जाते, गणपतीच्या आरतीला कुणी येत नाही, शेताला गडी मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. तिथे कुणाच्या भावना दुखावल्या हा प्रश्नच गौण असतो. माणसाचे जगणे तोडलेले असते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला तो याचसाठी. पण त्याची व्याप्ती आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यापुरती. उद्या व्यासपीठावरून कुणी म्हणाले की अमुक धर्माच्या माणसाकडून मासळी घेऊ नका, अमुक जातीला घर देऊ नका, अमुक भाषेच्या पोरांना दिसतील तिथे ठोका, तर एका कुटुंबाऐवजी अख्खा समूह वाळीत टाकण्याची ती हाक असते. द्वेषाच्या भाषणाची व्याख्या इथून सुरू व्हावी. धर्माची चिकित्सा, देवाची टिंगल, इतिहासपुरुषाची उलटतपासणी, पुढाऱ्याला शिवी हे सारे तिच्या बाहेर. जन्माने मिळालेल्या ओळखीवरून माणसांना गावातून, धंद्यातून किंवा जगातून उठवा असे सांगणे तिच्या आत. आणि हे माप आपल्यालाही लागू. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मार बसला, त्याआधी काही महिने कोणती भाषणे चालली होती हे मराठी वाचक विसरलेला नाही.

यावर एक आक्षेप ताकदीचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ब्रँडनबर्ग खटल्यात ठरवले की तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेले आणि ते घडण्याचा संभव असलेले भाषणच दंडनीय. बाकीच्याला उत्तर प्रतिभाषणाने द्यावे, असा हा आक्षेप. पण द्वेष तात्काळ क्वचितच फळतो. रवांडात ‘मिल कोलिन’ रेडिओ जुलै १९९३ मध्ये सुरू झाला, तुत्सींना तो झुरळे म्हणत राहिला, आणि कत्तल सुरू झाली ती एप्रिल १९९४ मध्ये. मधल्या नऊ महिन्यांत ‘तात्काळ’ काय होते? शिवाय प्रतिभाषण करायला ज्याने बाजारात उभे राहायचे, त्यालाच बाजारातून हाकलण्याची ती भाषा असते.

व्याख्या नीट झाली तरी भागत नाही, कारण खरी अडचण किल्लीची आहे. १५३अ खाली न्यायालयात खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. त्या दिवसांतल्या ‘सामना’च्या अग्रलेखांवर कारवाई व्हावी म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा उच्च न्यायालयात गेले. १९९४ साली ती याचिका फेटाळली गेली, रोख सगळ्या मुसलमानांवर नसून देशद्रोह्यांवर आहे असे म्हणत. पुढे जुलै २००० मध्ये याच अग्रलेखांवरून ‘सामना’चे संपादक बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली आणि दंडाधिकाऱ्याने त्याच दिवशी प्रकरण निकालात काढले: तीन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतही तीन वर्षांची, ती केव्हाच संपली होती. त्या सात वर्षांत राज्यात काँग्रेसचे सरकार होते, मग युतीचे, मग आघाडीचे. दोष एका पक्षावर टाकून कुणी मोकळे होऊ नये.

परवानगीची अट काढली तर ऊठसूट कुणीही कोर्टात जाईल, असे सरकारी वकील म्हणतील. चित्रकार हुसेन यांच्यावर गावोगाव झालेल्या फिर्यादी पाहता ही भीती खोटी नाही. म्हणून चाळणी राहू द्यावी, पण ती मंत्रालयातून काढून सत्र न्यायाधीशाकडे द्यावी, साठ दिवसांत लेखी कारणांसह निर्णयाचे बंधन घालावे आणि मुदतीची अट या गुन्ह्यापुरती सैल करावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी नवी संहिता लागू झाली. १५३अ चे १९६ झाले. शिक्षा तीच, तीन वर्षे. मुदत तीच, तीन वर्षे. आणि परवानगी अजूनही सरकारचीच.