डोस किती, किती दिवस?
2021च्या उन्हाळ्यात घाटी रुग्णालयात कोविडनंतरच्या काळ्या बुरशीचे रुग्ण येत होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले होते, की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, फार तर 10 दिवस, ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांनाच तारते. स्टेरॉइड बेभान प्रतिकारशक्तीला आवरते, पण रक्तातली साखर वाढवते, आणि बुरशीचे तिथेच फावते. लाट अंगावर आलेली असताना डोसच्या नोंदी कोण ठेवणार, हा डॉक्टरांचा सवाल रास्तच होता. पण आज ल्युपसच्या, आमवाताच्या रुग्णाला महिनोन्‌महिने स्टेरॉइड देताना ती सबब चालणार नाही. केसपेपरवर डोस, मुदत आणि साखर लिहायला कितीसा वेळ लागतो? औषधाचा दुष्परिणाम 1800-180-3024 वर रुग्णालाही कळवता येतो. हा क्रमांक शहरातल्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर लागलाच पाहिजे.