बंदूक नाकारणारा भित्रा नसतो

दाबोळीच्या नौदल तळामुळे वास्कोत गणवेशाला मोठा मान आहे, आणि तो रास्तच आहे. पण त्या मानाआडून एक आक्षेप हमखास पुढे येतो: युद्धात शस्त्र नाकारणारा भित्रा असतो आणि सद्सद्विवेक ही त्याची पळवाट असते. हे मला साफ अमान्य आहे.

ब्रिटनने १९१६ साली लष्करभरती सक्तीची केली, तेव्हा सुमारे १६ हजार जणांनी सद्सद्विवेकाला स्मरून नकार दिला. त्यांतल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आली, पण शिक्षा टळेल याची खात्री नसतानाही ते बधले नव्हते. भित्र्याने गणवेश चढवून पिछाडीची कारकुनी मिळवली असती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शस्त्र नाकारणाऱ्यांसाठीच्या बिनलढाऊ दलातल्या शेकडो जणांनी न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचे काम आपणहून मागून घेतले.

आपल्या पेडण्यातच पाहा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी गोव्याच्या सरहद्दीवर वीसहून अधिक माणसे मेली. त्यांच्यावर भरतीची सक्ती नव्हती, हा फरक खरा. पण त्याने त्यांचे धैर्य वाढतेच. त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे यांच्याबरोबर सेनापती बापट गोव्यात शिरले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. तरुणपणी पॅरिसात बॉम्बची विद्या शिकलेला हा माणूस रिकाम्या हातांनी मार खायला गेला. त्यांना भित्रा म्हणायची कोणाची छाती आहे?

‘पण गोवा सोडवला तो फौजेने’, असे यावर म्हणतात. खरे आहे. डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर आले नसते, तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हटला नसता. बेतीच्या पोलीस ठाण्यावर चाल करून गेलेल्या आणि पुढे लिस्बनच्या तुरुंगात खितपत पडलेल्या मोहन रानड्यांचे ऋणही मी मानतो. पण शस्त्राची गरज सिद्ध झाली म्हणून शस्त्र न धरणाऱ्याची अब्रू जात नाही. पत्रादेवीच्या रक्ताने पोर्तुगीज राजवटीची क्रूरता जगापुढे उघडी पडली, आणि त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी कडक केली.

काही ब्रिटिश नकारवाद्यांनी स्ट्रेचर उचलायलाही नकार दिला. बरा झालेला सैनिक पुन्हा बंदूकच धरणार, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटत नाही. जखमी माणूस आधी माणूस असतो. तरीही अशांची जागा तुरुंगात नाही.

आपल्याकडे लष्करभरती ऐच्छिक आहे. मात्र सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात आहे. उद्या लष्करी सक्तीचा कायदा आलाच, तर शस्त्र नाकारणाऱ्याला रुग्णसेवेचा किंवा मदतकार्याचा पर्याय देणारे कलम त्यात पहिल्या दिवसापासून हवे. ही मागणी गोव्याच्या आमदार-खासदारांनी सर्वांत आधी उचलून धरावी.