पोटातली जाळी आणि कापडवाल्याचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या मेहुण्यांचे हर्नियाचे ऑपरेशन कल्याणच्या एका खाजगी इस्पितळात झाले. बिल हातात आले तेव्हा त्यात एक ओळ होती, 'मेश', आणि पुढे रक्कम. कोणत्या धाग्याची, कोणत्या कारखान्याची, किती वजनाची, काही नाही. आम्ही मुकाट्याने पैसे भरले. घरी आल्यावर मात्र आमचीच आम्हाला शरम वाटली. भिवंडीचा ग्रे घेताना आम्ही काउंट विचारतो, रीड-पीक विचारतो, पन्ना मोजून घेतो, ताक्यात दोन डाग निघाले तरी दलालाला फोन करतो. आणि जे कापड माणसाच्या पोटात जन्मभर राहणार, त्याचे नावसुद्धा आम्ही विचारले नाही.

होय, ते कापडच असते. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीत पडलेली कमजोर जागा. तिथून आतडे बाहेर डोकावते. नुसते टाके घालून ती जागा ओढून शिवली तर ताण येतो आणि शिवण पुन्हा उसवू शकते. म्हणून वर ठिगळासारखी जाळी बसवतात. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे मांस वाढते आणि ती भिंतीत मुरून जाते. ही जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या एकेरी तंतूची, वार्प निटिंगच्या मशीनवर विणलेली असते. पीळ दिलेल्या अनेक तंतूंच्या फटीत जंतू लपून बसतात, म्हणून एकेरी तंतू बरा. वजन जीएसएममध्येच मोजतात. जड जाळी ८० ते १०० जीएसएमची, हलकी त्याच्या निम्म्याहून कमी. सारी भाषा आपल्याच बाजाराची आहे.

शरीराच्या आत बसणाऱ्या किंवा रक्तामांसाशी संबंध येणाऱ्या अशा पदार्थांना बायोमटेरियल म्हणतात, मराठीत जैवसामग्री. हृदयाच्या नळीतला स्टेंट, गुडघ्याची वाटी, ऑपरेशनचा टाका, सारे त्यातलेच. यात कापडाचा वाटा जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टनचे सर्जन डॉ. मायकेल डीबेकी रक्तवाहिनीसाठी नायलॉनचे कापड आणायला दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळी शिवली. पॉलिएस्टरच्या नळ्या आजही वापरात आहेत. आपल्या देशात त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली हृदयाची झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. तिच्या भोवतीची, टाके घालण्याची कडी पॉलिएस्टर कापडाचीच आहे.

पण आमच्या मते कापडवाल्यांनी सर्वात आधी ऐकावी अशी हकीकत महाराष्ट्रातलीच आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे प्रश्न होता की शेतमजुराला परदेशी जाळी परवडणार कशी? त्यांनी मच्छरदाणीचे कापड घेतले. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिलाफाचा तो धागा होता. ते कापड कापून, धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी हर्नियाला लावले. पुढे आणखी सर्जन सोबत आले आणि साडेतीनशेहून जास्त हर्नियांचा हिशेब त्यांनी २००३ साली भारतीय सर्जनांच्या नियतकालिकात मांडला. नंतर युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली. निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची. २०१६ साली निकाल छापून आला. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचाच हर्निया परत आला, कंपनीच्या गटात एकाचाही नाही. जाणकारांनी हा फरक धरण्यासारखा मानला नाही. किंमत मात्र एकीची एक डॉलरच्या आत आणि दुसरीची सव्वाशे डॉलरच्या आसपास.

हे वाचून कोणी व्यापारी म्हणेल, चला, मच्छरदाणीच्या गठाणी इस्पितळाला विकू. भाईसाहेब, तसे करू नका. टोणगावकरांचे मोठेपण स्वस्त कापड शोधण्यापुरते नाही. धागा कोणता हे त्यांनी तपासले, निर्जंतुक करण्याची रीत बसवली, रुग्णांची नोंद ठेवली आणि चांगले-वाईट सारे जगापुढे ठेवले. बाजारातल्या कित्येक मच्छरदाण्यांना कीटकनाशक मारलेले असते. काही धागे ऑटोक्लेव्हच्या वाफेत आकसतात. ताक्यावर नजर टाकून हे कळत नाही. कापड शरीराच्या लायक ठरते ते पुराव्याने. नुसत्या स्वस्ताईने ते ठरत नाही आणि नुसत्या महागाईनेही नाही.

म्हणून पहिली गोष्ट गिऱ्हाईक म्हणून. ऑपरेशनच्या आधीच विचारा, काय बसवणार, कोणत्या कंपनीचे, कशापासून बनलेले? पाकिटावरचे लॉट नंबरचे लेबल डिस्चार्जच्या कागदाला लावून मागा. उद्या त्या लॉटमध्ये खोट निघाली तर तेवढाच पुरावा हाती राहतो. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याच्या कमाल किमती सरकारने २०१७ साली ठरवून दिल्या, तेव्हा त्याही पडताळून पाहा. आपल्या वाचकांना आणखी एक प्रश्न पडतो. हृदयाच्या काही झडपा आणि काही जैविक जाळ्या डुकराच्या ऊतीपासून बनतात, काही गाईगुरांच्या, तर काही संपूर्ण धातू-प्लास्टिकच्या असतात. जीव वाचवण्याची निकड असेल तिथे अनेक उलेमांनी सवलत दिलेली आहे. पण पर्याय असताना न विचारणे ही आपलीच गफलत. विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

दुसरी गोष्ट व्यापारी म्हणून. भिवंडीचे लूम मंदीत उभे राहतात, मीटरमागे काही पैशांसाठी आपण एकमेकांचे गळे कापतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने टेक्निकल टेक्स्टाइलसाठी १,४८० कोटींचे मिशन मंजूर केले, पण आपल्या पेढ्यांवर त्याची चर्चा आम्ही फारशी ऐकली नाही. त्याच वर्षी कोविडमध्ये एक सबक मिळाला होता. पीपीई किट शिवायला हात पुष्कळ होते, पण कोइमतूरच्या सिट्रासारख्या प्रयोगशाळेची चाचणी पास झाल्याशिवाय सरकार माल घेत नव्हते. ज्यांनी चाचणीला खर्च मानला ते मागे पडले.

एकदम जाळी किंवा रक्तवाहिनीवर उडी मारण्याची गरज नाही. आधी गॉज, बँडेज, ऑपरेशनच्या चादरी. तिथेही स्वच्छ खोली, प्रत्येक लॉटची नोंद आणि परवाना लागतोच. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. दोन-चार पेढ्यांनी भागीदारीत, एका शिकलेल्या पोराला हाताशी घेऊन ही वाट धरावी. आपली बीएस्सी, बी.फार्म झालेली मुले दुसऱ्यांच्या कारखान्यात हेच काम करत आहेत.

आमचे मेहुणे आता ठणठणीत आहेत, जाळीने आपले काम चोख केले. तरी लेबल मिळावे म्हणून आम्ही इस्पितळात दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मिळाले. ते आम्ही दुकानाच्या चलानांच्या फाइलमध्येच लावून ठेवले आहे, कारण माल घरात आला की त्याचे चलान जपायचे, ही वडिलांची शिकवण आहे.