आठ बोल्टांचे रामायण

कैकेयीला दोन वर मिळाले ते कशाबद्दल? कीर्तनकारबुवा सांगतात, ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निखळली, तेव्हा राणीने तिच्या जागी आपले बोट घातले आणि रथ सावरला. पुढचे रामायण सर्वांना ठाऊकच आहे. मोटारीच्या इंजिनातही अशाच खिळी असतात, आणि त्यांच्यावरून यंदा आमच्या वर्ध्यात, शेजारच्याच घरी, चांगले आठ दिवस रामायण चालले होते.

शेजाऱ्यांच्या चिरंजीवांनी एक जुनी पद्मिनी मिळवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची, 1089 सी. सी.ची, चार सिलिंडरांची ही गाडी 2023 साली मुंबईच्या टॅक्सीतूनही निवृत्त झाली. पण चिरंजीवांना तिला पेन्शन द्यायचे नव्हते, पळवायचे होते! मिनिटाला पाच हजार फेरे घेणारे इंजिन सहा हजारांवर न्यायचे, असा बेत ठरला. मिस्त्रींनी इंजिन उतरवले आणि पहिली मागणी केली ती कनेक्टिंग रॉडच्या आठ नव्या बोल्टांची.

आमचे शेजारी म्हणजे सेवानिवृत्त हेडक्लार्क. गांधीजी 1936 साली सेगावात राहायला आले, आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिणे हा आमच्या जिल्ह्याचा धर्मच झाला. शेजाऱ्यांनी जुने बोल्ट पुसून, चष्मा लावून पाहिले. ना गंज, ना चीर. "अहो मिस्त्री, हे अजून दहा वर्षे जातील!"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "काकाजी, दिसाले चांगलेच हायेत. पण थकले हायेत, अन् थे डोयाले दिसत नाई."

मिस्त्रींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली ओढला जातो. जळालेला वायू बाहेर टाकून तो माथ्यावर पोचतो, तेव्हा त्याला वरून रेटणारे काही नसते. त्याला मागे खेचण्याचा सारा भार रॉडच्या त्या दोन बोल्टांवर येतो. सहा हजार फेऱ्यांना असा हिसका मिनिटाला तीन हजार वेळा, म्हणजे तासाला 1,80,000 वेळा बसतो. शिवाय हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. फेरे पाच हजारांवरून सहा हजारांवर गेले, की तो जवळजवळ दीडपट होतो. बोल्ट तुटला तर सुटलेला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. आणि नागपूरच्या रस्त्यावर भरवेगात हे घडले तर हिशेब केवळ इंजिनाचा राहत नाही.

गंमत अशी, की बोल्ट आवळणे म्हणजे त्याला किंचित ताणणे. स्प्रिंगसारखा ताणलेला बोल्ट रॉडचे दोन भाग घट्ट धरून ठेवतो. तो ढिला राहिला तर प्रत्येक हिसका पुरता सोसतो आणि हळूहळू थकतो. फाजील आवळला तर कायमचा लांबतो. म्हणून मिस्त्रींनी आट्यांना नेमून दिलेले वंगण लावले, आवळण्यापूर्वी आणि आवळल्यावर प्रत्येक बोल्टाची लांबी मायक्रोमीटरने मोजली. सोडल्यावर जो मूळ लांबीवर परत येत नाही, तो बाद. नव्या बोल्टांनी रॉडचे मोठे भोक गोल राहिले की नाही, तेही तपासून घेतले.

काटकसर आणि कंजूषपणा यांत नेमका फरक कोणता, हा प्रश्न मला विद्यार्थी निबंधाच्या तासाला विचारतात. वापरलेल्या कागदाची कोरी बाजू दिसते, म्हणून ती वापरणे ही काटकसर. बोल्टाचा थकवा दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे मानणे ही मात्र दुसऱ्याच्या जिवावरची बचत. इमानाने राबलेल्याला मोडण्याआधी रजा द्यावी, यात त्याचाही मान राहतो.

शेजाऱ्यांनी पैसे मोजले. मुलगा चालवणार होता ना! मिस्त्रींनी जुन्या बोल्टांचे आटे हातोडीने ठेचले, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून, आणि मगच ते परत दिले. हेडक्लार्कसाहेबांनी तेही फुकट घालवलेले नाहीत. त्यांच्या टेबलावर, पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर, ते आठही जण सध्या वजन म्हणून विसावले आहेत.