ओझोनच्या हिशेबात दुपार कुणाची?

परळ-लालबागची हवा म्हटली की गिरण्यांची धुराडी आठवतात. १९८२च्या संपानंतर ती एकेक करून थंडावली. धूर गेला, हवा सुधारली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, मोटारी वाढल्या. आणि ओझोन हा वायू तर कुठल्याच धुराड्यातून निघत नाही, डोळ्यांना दिसतही नाही.

आकाशात उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन घसा-छातीची जळजळ करतो, दमा वाढवतो. मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. म्हणून त्याचा जोर दुपारी.

मुंबईत यात समुद्राचीही भर पडते. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, शहराचा धूर सोबत नेतो. दिवसा तो फिरतो आणि त्यातला काही भाग गिरगाव-दादरच्या किनाऱ्यावर परत आणतो. खारा वारा उशिरा सुटला की उकाडा आणि घाण दोन्ही साचतात. वाऱ्याच्या या वेळा चुकल्या तर ओझोनचा अंदाजही चुकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१५ साली मुंबईत हवेचा अंदाज देणारी 'सफर' योजना सुरू केली. असा अंदाज हवामान आणि उत्सर्जनाची यादी या दोन पायांवर उभा असतो. हवामान उपकरणे मोजतात. यादी माणसे करतात: मोटारी किती, चुली किती, कारखाने किती. इथे आपला संबंध येतो.

कारण ओझोनचे गणित सरळ नाही. मोटारींच्या गर्दीत ताजा धूरच ओझोन खाऊन टाकतो. तिथे आकडा कमी दिसतो, वाऱ्याच्या दिशेने पुढच्या वस्तीत वाढतो. नुसता मोटारींचा धूर कमी केला आणि वाफा तशाच राहिल्या, तर काही ठिकाणी ओझोन उलट वाढतो. म्हणजे यादीतून थिनर वापरणारी गल्लीतली छोटी वर्कशॉप सुटली, तर उपायही चुकणार. कोणत्या खोलीत काय उकळते, कशाचा वास येतो, हे तिथे राहणाऱ्या, घरी बसून काम करणाऱ्या बाईइतके कुणाला ठाऊक असते? तिला कधी कुणी विचारले?

आणखी एक. हवेच्या निर्देशांकात सर्वांत वाईट घटकाचाच आकडा पुढे येतो. धुळीचा आकडा मोठा असला की ओझोन त्यामागे झाकला जातो. २००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची मर्यादा आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, एका तासासाठी १८०. ही तासाची मर्यादा बाईच्या कामाच्या तासांशी कोण ताडून पाहतो? 'दुपारी बाहेर पडू नका' हा सल्ला दादरच्या फूटपाथवरच्या भाजीवालीला, मासे विकणाऱ्या कोळणीला, टॉवरच्या कामावर घमेली वाहणाऱ्या मजूर बाईला कसा पाळता येईल? त्यांचे पोट त्या दुपारीवरच आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. ओझोनचा तासागणिक अंदाज वेगळा आणि मराठीत, बायका घराबाहेर पडण्याआधी मिळावा. डी, एफ दक्षिण, जी उत्तर वॉर्डांची उत्सर्जनाची यादी खुली करावी आणि ती तपासताना वस्तीतल्या बायकांना सोबत घ्यावे. ओझोन वाढेल त्या दिवशी रस्त्यावर काम करणारीला सावली आणि मजुरी न कापता विसावा मिळावा. संगणकाला वारा शिकवणारे शास्त्रज्ञ आहेत. आपल्या दुपारीचा हिशेब मात्र आपल्यालाच मांडावा लागेल.